शिवकांताच्या पत्राची पोच

१

शिवकांता मंगळवारी सकाळी गेली. एकोणीस वर्षांची होती. भूकंपात कमरेवर तुळई पडली तेव्हापासून पोरगी चाकाच्या खुर्चीत होती, आणि तरीही बारावीचा फॉर्म भरून बसली होती. माझी बहीण सौदामिनी, आमची अक्का, निवृत्त शिक्षिका, फोनवर म्हणाली, "राघवा, तिला तापानं न्हाई, न आलेल्या पत्रानं मारलं. पत्र मुंबईहून निघालं होतं. मधे कुणीतरी गिळलं. तू ये."

मी राघवेंद्र. मुदखेड जंक्शनच्या तारघरात तारमास्तर म्हणून छत्तीस वर्षं काढली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. पुढच्या स्टेशनची पोच आल्याशिवाय तार गेली असं मी वहीत कधी लिहिलं नाही. या एका गोष्टीचा मला गर्व आहे. बाकी गर्व करावा असं आयुष्यात फारसं घडलं नाही. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, हे मी अक्काला सांगून पाहिलं. ती म्हणाली, निरोप हरवलाय, तो तुला कळतो.

नांदेडला तिच्या घरी गेलो तेव्हा ती आलोकच्या खोलीत बसली होती. आलोक तिचा एकुलता एक. भूकंपाच्या वर्षी त्यानं लातूरला एका खोलीत बुलेटिन बोर्ड सुरू केला होता. म्हणजे एक कॉम्प्युटर आणि एक फोनची लाइन. ज्याच्याकडे कॉम्प्युटर आणि तो फोनला जोडणारा मोडेम असेल त्यानं फोन लावून आत यायचं, आपल्या नावाची पेटी उघडायची, पत्रं वाचायची, ठेवायची. दहा-बारा मित्रांचा खेळ होता. त्या सप्टेंबरात गणपती बुडवायला मित्राच्या गावी गेला आणि त्या गावाबरोबर तोही गेला.

अक्कानं खेळ बंद होऊ दिला नाही. त्याच्या नावानं न्यास काढला, भूकंपग्रस्तांच्या वसाहतींतल्या दवाखान्यांना जुने कॉम्प्युटर मिळवून दिले. या जुलैपासून त्या बोर्डाला गेटवे जोडला होता. पेट्यांतली पत्रं ई-मेल करून मुंबईला पाठवायची, आणि मुंबईहून आलेली ज्याच्या त्याच्या पेटीत टाकायची, एवढं काम करणारा तो प्रोग्राम. त्याच्यामुळे मुंबईच्या डॉक्टर देविका आमच्या अपंग पोरांची विचारपूस करू लागल्या.

"शनिवारी न्यासाची बैठक हाय," अक्का म्हणाली. "क्लासवाले उद्धव सर म्हणतात, गेटवे बघणाऱ्या धम्मदीपला पोलिसांत द्या. चोवीस वर्षांचं पोरगं हाय ते, राघवा. त्यानं केलं असंल तर देईन मी. पण खरं कळू दे."

निघताना ती आलोकच्या कॉम्प्युटरवरचं फडकं सारखं करत म्हणाली, "आलोकला अजून पत्रं येतात." मी मान हलवली. मेलेल्या पोराच्या आईशी वाद घालायचा नसतो, असं मला वाटलं. तिथंच मी चुकलो.

२

गुरुवारी औसा तालुक्यात तळ्याच्या वसाहतीत गेलो. पत्र्याच्या दवाखान्यात नर्स सिद्धम्मा एकटीच होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

तिनं सांगितलं ते असं. शुक्रवारी सकाळी शिवकांताला थंडी वाजून ताप आला. सिद्धम्मानं लगेच पत्र लिहून बोर्डावर टाकलं. डॉक्टरबाईंचं उत्तर एरवी त्याच दिवशी यायचं. शुक्रवारी आलं नाही. शनिवारी, रविवारी तिनं पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. आहे त्या गोळ्या चालू ठेवल्या. सोमवारी रात्री पोरगी बरळायला लागली. जीप मिळून लातूरला पोहोचेपर्यंत उजाडलं होतं.

"बाई काही बोलल्या न्हाईत म्हणजे घाबरण्यासारखं काही नसंल, असं वाटलं मला," ती म्हणाली. "काळजीचं असलं की त्या लगेच लिवतात."

दवाखान्याच्या फोनवरून लातूरपलीकडे लागत नव्हतं, म्हणून मी गावातल्या फोनवरून डॉक्टर देविकांना गाठलं. त्यांनी तिन्ही पत्रं मिळाल्याचं सांगितलं, आणि तिन्हींना उत्तर दिल्याचंही. त्यातलं एकही परत आलं नव्हतं, म्हणून पोहोचलं असंच त्या धरून चालल्या. त्या खोटं बोलत असत्या तर मला कळलं असतं असं नाही, पण त्यांनी तारीख, वेळ आणि मजकूर न अडखळता सांगितला.

म्हणजे वसाहतीतून जाणारं पत्र जात होतं. येणारं मात्र येत नव्हतं. तारेत असं होत नाही. तार तुटली की दोन्हीकडून तुटते. लाइन शाबूत होती, म्हणजे गडबड कुणाच्या तरी हातानं झाली होती.

दाराशी शिवकांताची आई पारूबाई उभी होती. तिनं मला एकच विचारलं. "डागतरीणबाईनं काय लिवलं व्हतं, ते सापडंल का?"

सापडेल, असं मी म्हणून बसलो.

३

लातूरचं केंद्र चन्नबसप्पाच्या भांड्यांच्या दुकानावर आहे. खाली पितळ्या, वर कॉम्प्युटर. समोरच्या गल्लीत क्लासेसच्या पाट्या एकीवर एक चढलेल्या, आणि सायकलींमुळे पाय ठेवायला जागा नाही. भूकंपाचं गाव तीन वर्षांत डॉक्टर-इंजिनिअर करायचं गाव झालं होतं.

धम्मदीप कंधारचा. वडील शेतमजूर, पोरगा आयटीआय करून स्वतःच कॉम्प्युटर शिकलेला. गेटवे त्यानंच बसवला होता. मला बघून उठला, खुर्ची पुसली आणि उभाच राहिला.

त्यानं मला पत्त्यांचा तक्ता दाखवला. बाहेरून पत्र आलं की गेटवे हा तक्ता वाचतो. पत्त्यासमोर जी पेटी लिहिली असेल तिच्यात पत्र टाकतो. प्रोग्राम फुकटात मिळणारा होता आणि दहाच पत्ते घ्यायचा. अकरावा टाकला की नाही म्हणायचा. दहा वसाहती, दहा ओळी.

आता तक्त्यात नऊच वसाहती होत्या. शेवटची, तळ्याची, गायब. तिच्या जागी उद्धव सरांच्या क्लासचा पत्ता.

"ही ओळ कुणी बदलली?"

"मी न्हाई बदलली, मास्तर. सरांनी दसऱ्याच्या आधी मागितला होता पत्ता. मी सांगितलं, जागा न्हाई."

फाइलीवर बदलाची तारीख होती खंडेनवमीची, सकाळी अकरा वाजून चोवीस मिनिटं. शिवकांताला ताप यायच्या पाच दिवस आधी.

"या खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडं. दुसरी खाली चन्नबसप्पाकडं."

"आणि त्या दिवशी तू कुठं होतास?"

"कंधारला. घरी." थोडं थांबून तो म्हणाला, "घरच्यांशिवाय साक्ष न्हाई."

मी नोंदवही मागितली. बोर्डावर कोण कधी आत आला याची नोंद कॉम्प्युटर स्वतः ठेवतो, आणि धम्मदीप ती रोज छापून फायलीला लावायचा. फाइल चाळली. अष्टमीचं पान होतं, दसऱ्याचं होतं. खंडेनवमीचं पान नव्हतं.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं फाइल मिटली.

४

उद्धव सरांच्या क्लासमध्ये दोनशे पोरं एका हॉलमध्ये मान खाली घालून पेपर सोडवत होती. सर न्यासाचे कार्यवाह. बोलायला गोड, अंगावर कडक इस्त्री, टेबलावर नवा कोरा कॉम्प्युटर. भूकंपात यांनी ट्रक भरभरून धान्य वाटलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे मला ते वाईट वाटत नव्हते.

त्यांनी काही लपवलं नाही. पत्ता मागितला होता, म्हणाले. धम्मदीप आधी कुरकुरला, मग दोन दिवसांनी चालू करून दिला. कुठली ओळ काढली ते त्यालाच ठाऊक. "मी मास्तर माणूस. मला त्यातलं काय कळतं?"

मग खुर्ची जवळ ओढून ते हळूच म्हणाले, "तुम्हीच विचार करा. खंडेनवमी. त्या दिवशी आपण यंत्राची पूजा करतो, हात लावत नाही. आपल्यापैकी कोण लावील? ज्याला त्या पूजेचं काहीच नाही, तोच ना?"

खरं सांगतो, क्षणभर मला ते पटलं. पान गायब होतं, किल्ली त्याच्याकडे होती, आणि सरांचं ते 'आपल्यापैकी' इतकं सहज कानात शिरलं की आत जाऊन बसलं. जिना उतरताना माझी मलाच लाज वाटली.

खाली टेबलावर गेल्या आठवड्याची वर्तमानपत्रं पडली होती. दसऱ्याच्या अंकात क्लासची अर्धं पान जाहिरात. 'खंडेनवमीलाही सराव परीक्षा. आमच्याकडे सुट्टी नाही.' आणि खाली चौकटीत, 'आता आपल्या शंका थेट मुंबईच्या प्राध्यापकांना ई-मेलने विचारा,' समोर पत्ता.

जाहिरात घडी करून मी खिशात घातली.

५

शुक्रवारी सकाळी आधी चन्नबसप्पाकडे गेलो. माणूस देवभोळा आणि नीटनेटका. केंद्रातल्या यंत्राची पूजा दरवर्षी तोच करतो, कारण धम्मदीप करत नाही आणि अक्का नांदेडला. खंडेनवमीला सकाळी आठ वाजताच त्यानं वर जाऊन पूजा केली होती.

"कॉम्प्युटर बंद होता?"

"न्हाई ओ. तो कधीच बंद नसतो. लाल दिवे लुकलुकत होते. मी आपलं हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला, आणि कीबोर्डच्या एकेका कळेवर अक्षता ठेवल्या."

"एकेका कळेवर?"

"हाव. सगळी अक्षरं आली पाहिजेत ना."

"आणि उचलल्या कधी?"

"दसऱ्याला सकाळी. मीच वेचल्या. जिथल्या तिथं होत्या, एक तांदूळ हललेला न्हाई."

अकरा चोवीसला कुणी त्या कळा दाबल्या असत्या तर अक्षता तिथं राहिल्या नसत्या. म्हणजे तक्ता या खोलीतून बदललाच नव्हता. तो फोनवरून, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदलला होता. धम्मदीपकडे किल्ली होती, पण घरी कॉम्प्युटर नव्हता, फोनही नव्हता.

वर जाऊन मी त्याला म्हणालो, "ते पान दे."

त्यानं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीमागून घडी केलेला कागद काढला.

"वर माझंच नाव हाय, मास्तर. मला काही कळंना. मी घरी, आणि हितं माझ्या नावानं कुणीतरी आत आलेलं. हे दाखवलं तर कोण ऐकून घेणार होतं माझं?"

पानावर अख्ख्या दिवसात एकच ओळ होती. वसाहतींनी पूजा केली होती, अक्काही रोज पाच वाजता फोन लावते तिनं लावला नव्हता. एकच माणूस आत आला होता. नाव धम्मदीप, वेळ अकरा वीस, आणि शेवटच्या रकान्यात एक आकडा, १४४००.

"हा काय?"

"मोडेमची गती."

तारघरात आम्ही माणूस हातावरून ओळखायचो. नाव कुणाचंही सांगा, कळ दाबायची लकब लपत नाही. मी मागची पानं काढली. वसाहती, २४००. अक्का, २४००. रोज, सगळीकडे २४००.

"दान आलेल्या एकाच खोक्यातले मोडेम हायत ते," धम्मदीप म्हणाला, आणि मग तोही थांबला. "दोन मोडेम बोलतात तेव्हा गती कमीवाल्याची धरतात. जोडीतला हळू चालणारा बैल असतो तसं. आपल्या हितला नवा हाय. दुसरीकडचाही नवाच पाहिजे."

"नवा कुणाकडे आहे?"

त्यानं खिडकीतून समोरच्या गल्लीकडे पाहिलं.

६

शनिवारी बैठक केंद्रातच झाली. अक्का नांदेडहून आली, सिद्धम्मा आली, पारूबाईलाही मी बोलावून घेतलं. उद्धव सरांनी ठराव लिहूनच आणला होता.

मी आधी अक्षतांचं सांगितलं. मग पान ठेवलं, गतीचा रकाना दाखवला. मग जाहिरात. खंडेनवमीला केंद्राबाहेर या सगळ्या जाळ्यात एकच कॉम्प्युटर चालू होता, पूजेशिवाय, आणि तशी अर्ध्या पानाची बढाई त्याच्याच मालकानं छापली होती. न्यासाच्या नियमानं धम्मदीपचा पासवर्ड बंद पाकिटात कार्यवाहांकडे ठेवलेला असतो. मी सरांना पाकीट दाखवा म्हणालो.

सर म्हणाले, पाकीट घरी कुठंतरी असेल. मग म्हणाले, हरवलं असेल.

"जाहिरात छापायला गेली होती," ते शेवटी बोलले. "हा नाही म्हणाला. एक ओळ तर हवी होती. यादीत शेवटची होती ती काढली. सुट्टी संपली की दुसरी सोय करणार होतो. राहून गेलं."

"आणि पोरगी गेल्यावर त्याच्यावर ढकललंत," मी म्हणालो.

ते एकदम उसळले. "ओळ मी काढली. पत्र मी खाल्लं नाही. पत्ता सापडला नाही तर पत्र परत जायला हवं होतं, डॉक्टरांना कळायला हवं होतं. ते परत का नाही गेलं? कुठं आहे ते?"

माणूस अपराधी होता, पण प्रश्न बरोबर होता. मी धम्मदीपकडे वळलो.

"मीच तसं ठेवलं होतं," तो पुटपुटला. "लाइन खराब असली की पत्ता अर्धामुर्धा येतो, तसली पत्रं परत जाऊ नयेत म्हणून. पत्ता न सापडलेलं पत्र एक नंबरच्या पेटीत टाक, असं. पुस्तकात लिहिलंय, एक नंबर म्हंजे बोर्ड चालवणारा. मला वाटलं, म्हंजे मीच."

"मग तुझ्या पेटीत असेल."

"माझा नंबर दोन हाय, मास्तर." त्याचे डोळे भरले. "एक नंबर आलोकदादाचा. मी आलो तेव्हा सौदामिनीबाई म्हणाल्या होत्या, त्याचं नाव पुसू नको. मी पुसलं न्हाई. त्या पेटीचा पासवर्ड मला म्हाईत न्हाई. ती पेटी हाय हेच मी विसरलो."

मी अक्काकडे पाहिलं नाही. मला ते जमलं नाही. आलोकला अजून पत्रं येतात, असं ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

७

अक्का स्वतःच उठली. कॉम्प्युटरसमोर बसली, चष्मा लावला आणि एका बोटानं आलोकचं नाव लिहिलं, मग पासवर्ड. पडद्यावर आलं, न वाचलेली पत्रं चव्वेचाळीस.

तिनं एकही उघडलं नव्हतं. पोस्टानं आलेली त्याची पाकिटंसुद्धा ती तशीच कपाटात ठेवते, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्याचं पत्र फोडायचं नसतं, हे आमच्या वडिलांनी आम्हा दोघांना शिकवलं होतं. तीन वर्षं ती रोज पाच वाजता फोन लावून स्वतःच्या नावानं आत जायची, पेट्यांच्या यादीत आलोकचं नाव आणि पुढचा आकडा एवढं बघायची आणि ठेवून द्यायची. जुलैपासून त्याच्या पेटीत चुकल्या पत्त्यांची पत्रं पडायला लागली.

तिनं शेवटून तिसरं उघडलं. इंग्रजीत होतं. शेवटच्या दोन्हींत तेच पुन्हा, जास्त कडक शब्दांत. तिनं पारूबाईला शेजारी बसवलं आणि चाळीस वर्षं वर्गात वाचलं तशा स्पष्ट आवाजात मराठीत सांगितलं, "लघवीतला जंतू मूत्रपिंडात गेलाय. या गोळ्यांनी भागणार नाही. आजच्या आज लातूरला हलवा, शिरेतून औषध सुरू करा. आज नेलं तर ती बरी होईल. वाट पाहू नका."

पारूबाईनं ते सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कवा आलतं हे?"

"शुक्रवारी. दुपारी."

"तुमी बघितलं व्हतं?"

"संध्याकाळी पाचला. एक्केचाळीसाचे बेचाळीस झाले होते."

"मग तुमी काय केलं?"

अक्कानं चष्मा काढला. "मी मोजलं," ती म्हणाली. "मला आनंद झाला."

पारूबाई शिव्या देईल असं मला वाटलं; दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं फक्त ती पत्रं कागदावर मागितली. तिला वाचता येत नाही. धम्मदीपनं छापून दिली, तिनं चौघडी केली आणि कनवटीला लावली. सिद्धम्मा तिला धरून जिना उतरवत घेऊन गेली.

उद्धव सरांचा ठराव टेबलावर तसाच राहिला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी पोलिसांना द्यायची हकिगत लिहिली. पासवर्ड कुणी चोरला, ओळ कुणी काढली, आळ कुणावर घेतला, सगळं. एक नंबरच्या पेटीचंही लिहिलं. धम्मदीप म्हणाला, ते नका लिहू, बाईंचं नाव येईल. अक्का म्हणाली, लिही.

मग तिनं धम्मदीपला तळ्याच्या वसाहतीची ओळ परत घालायला लावली, आणि एक नंबर त्याच्या नावावर करायला. त्यानं मान हलवून नाही म्हटलं. तिनं त्याचा हात धरून कळांवर ठेवला. आलोकचं नाव गेलं तेव्हा मी खिडकीतून खाली सायकली बघत होतो.

संध्याकाळी तिनं डॉक्टर देविकांना एक ओळ लिहिली आणि बरोबर आहे का म्हणून मला दाखवली. 'आपली तिन्ही पत्रं आज मिळाली.' मी बरोबर आहे म्हणालो. पाच वाजता गेटवेनं मुंबईला फोन लावला आणि ते पत्र गेलं.